घरगुती गॅसची शेगडी : तिचे दोष आणि त्यांची पारख

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तिरुवैयारु येथे भरलेल्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



कावेरीच्या काठी, त्यागराजस्वामींच्या समाधीच्या सान्निध्यात, कोणी वक्त्याने उठून गॅसच्या शेगडीविषयी बोलावे, हे आपल्यापैकी कित्येकांना चमत्कारिक वाटेल. या गावी बोलायचे तर संगीतावर बोलावे, नाही तर तंजावरच्या भोसले राजांवर बोलावे, अशी रीत आहे. आणि ते विषय आमच्याहून अधिकारी मंडळींच्या हाती सोपविणेच इष्ट. आमची हयात यंत्रांच्या संगतीत गेली, म्हणून आम्ही स्वयंपाकघर निवडले. त्यालाही कारण आहे. तिरुवैयारु, तंजावर, कुंभकोणम् येथील आपल्या लोकांची जी जुनी घरे अजून नांदती आहेत, त्यांतील कित्येक घरांत आज दोनच माणसे उरली आहेत, आणि ती दोन्ही वृद्ध. मुले चेन्नईस, बंगळूरास, पुण्यास किंवा थेट अमेरिकेत. अशा घरात शेगडी बिघडली म्हणजे मिस्त्री येईपर्यंत आठवडा आठवडा अर्धमेल्या ज्योतीवर भात शिजतो. मिस्त्री येतो, पाच मिनिटे काहीतरी खटपट करतो आणि पैसे घेऊन जातो. त्या पाच मिनिटांत त्याने काय केले हे घरात कोणासच कळत नाही. तेवढे कळावे, एवढाच आमचा हेतू. मात्र त्यापेक्षा महत्त्वाचे असे एक आहे: कोणत्या दोषाला आपण हात घालावा आणि कोणत्याला मुळीच घालू नये, याची सीमा. ती सीमा माहीत नसल्याने माणसे दगावतात.

स्वयंपाकघर हा विषय आपल्या पूर्वजांनी हलका मानलेला नाही. सरफोजी महाराजांच्या दरबारातील ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठी पाकग्रंथ तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने जतन केला आहे. ओरत्तनाडु येथील मुक्तांबाळ छत्रात वाटसरूंना अन्न मिळे, तेही याच राजाच्या कृपेने. हे सारे लाकडावर शिजले. पुढे या भातशेतीच्या मुलखात भुशाच्या शेगड्या आल्या, रॉकेलचे स्टोव्ह आले. मुंबईत बर्माशेल कंपनीने १९५५ साली घरगुती गॅस आणला. ‘बर्शेन’ हे त्याचे नाव जुन्या मुंबईकरांना अजून आठवते. तमिळनाडूत २००७ पासून राज्य शासनाने गरीब कुटुंबांना शेगडीसह जोडण्या दिल्या, २०१६ साली केंद्राची उज्ज्वला योजना आली, आणि गॅस खेडोपाडी पोचला. लाकडाच्या चुलीचा एक गुण मात्र गॅसने नेला. त्या चुलीचा दोष लपत नसे. धूर झाला की डोळ्यांत पाणी येई आणि सूनबाई फुंकणी घेऊन बसे. गॅसचा धूर दिसत नाही. त्याचा दोष ज्योतीच्या रंगावरून, आकारावरून आणि आवाजावरून ओळखावा लागतो.

प्रथम शेगडी चालते कशी ते थोडक्यात पाहू. सिलिंडरमध्ये प्रोपेन व ब्यूटेन या वायूंचे मिश्रण दाबाखाली द्रवरूपाने भरलेले असते. घरगुती सिलिंडरमध्ये ते १४.२ किलो असते. आतील दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट. रेग्युलेटर तो दाब इतका उतरवितो की नळीत येणाऱ्या गॅसचा जोर फार तर फूटभर उंचीच्या पाण्याइतका राहतो. हा मंद गॅस शेगडीच्या बटणामागे असलेल्या पितळी जेटच्या छिद्रातून बाहेर पडतो. हे छिद्र एका मिलिमीटरहूनही लहान असते. त्यातून सुटलेला झोत बर्नरच्या नळीत शिरताना बाजूची हवा आपल्याबरोबर ओढून नेतो. नळीत दोन्ही मिसळतात आणि बर्नरच्या छिद्रांपाशी पेटतात. उरलेली हवा ज्योत भोवतालून घेते. एक माप गॅस पुरता जळावयास पंचवीस ते तीस मापे हवा लागते, हा आकडा ध्यानात ठेवावा. शेगडी बिघडली की आपण ‘या वेळचा गॅसच खराब आला’ म्हणून सिलिंडरला दोष देतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा हवेचीच वाट कोठेतरी अडलेली असते.

निरोगी ज्योत निळी असते, तिच्या पोटात अधिक गडद निळा सुळका दिसतो, आणि ती बर्नरला चिकटून जवळजवळ निःशब्द जळते. ही ज्योत पिवळी, लांब व लवलवती झाली आणि भांड्याच्या बुडाला काजळी धरू लागली, तर हवा कमी पडते आहे असे समजावे. मात्र येथे एक पारख करावी. रसम् उतू जाऊन बर्नरवर मीठ सुकले असेल, किंवा सणाच्या दिवशी शेगडीपुढे कोलम काढताना पीठ उडाले असेल, तरीही ज्योतीत पिवळे-नारिंगी फराटे येतात. ते मिठाचे अथवा धुळीचे असतात, काजळी धरीत नाहीत, आणि बर्नर पुसला की जातात. काजळी हीच खरी साक्षीदार. ती दिसली तर हवेची वाट तपासावी.

ती वाट कशाने अडते? बर्नरच्या नळीत कोळी जाळे विणतो, झुरळ अंडी घालते, उतू गेलेले दूध आत जाऊन करपते. आपल्या घरांत आणखी एक प्रकार आम्ही पाहिला आहे, तो सोवळ्याचा. सणाच्या आदल्या रात्री शेगडीवर तांब्यांनी पाणी ओतून ती स्वच्छ धुतली जाते, हळदकुंकू वाहिले जाते, आणि पहाटे ती फडफडत पेटते किंवा पेटतच नाही. पाणी बर्नरच्या नळीत साचलेले असते. शेगडी धुवावी, पण बर्नर काढून बाजूस ठेवावेत, आणि जेटच्या तोंडावर पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नये.

बर्नर साफ करणे हे निःसंशय घरच्या माणसाचे काम आहे. रेग्युलेटर बंद करावा, बर्नर निवू द्यावा, उचलून काढावा. पितळेचा असेल तर चिंचेच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवावा. ॲल्युमिनियमचा असेल तर चिंच व धुण्याचा सोडा दोन्ही टाळून साध्या साबणाने धुवावा. नळीतून बाटली धुण्याचा ब्रश फिरवावा. भोके एकेक करून बारीक तारेने मोकळी करावीत. मग बर्नर उन्हात पूर्ण वाळवावा. या शेवटच्या गोष्टीत घाई फार होते. परत बसविताना वरची चकती खाचेत नीट बसली की नाही हे बोटाने हलवून पाहावे.

या ‘बारीक तारे’संबंधी मात्र एक ताकीद दिलीच पाहिजे. ज्यांच्या हातांना रॉकेलच्या स्टोव्हची पिन मारण्याची सवय आहे, ती मंडळी गॅसच्या जेटलाही पिन मारतात. बर्नरची भोके मोठी असतात, त्यांत तार चालेल. जेटचे छिद्र मोजून पाडलेले असते आणि पितळ मऊ असते. पिन दोनचार वेळा घुसविली की छिद्र रुंदावते, गॅस अधिक येतो, हवा तेवढीच राहते, आणि जी काजळी घालविण्यासाठी पिन मारली तीच दुप्पट होते. शेगडी ‘जुनी झाली’ म्हणून टाकून दिली जाते, ती बहुधा याच उपचाराने. जेट बुजला असेल तर मिस्त्रीकडून तो काढवून फुंकून घ्यावा, रुंदावला असेल तर बदलावा. तो फार महाग नसतो.

आता ज्योत मंद झाली, तर? येथे घाई न करता एकच प्रश्न विचारावा: दोन्ही चुली मंदावल्या की एकच? एकच मंदावली असेल तर दोष त्या चुलीच्या जेटमध्ये, बटणाच्या कॉकमध्ये किंवा बर्नरमध्ये आहे. सिलिंडर निर्दोष आहे. दोन्ही एकदमच मंदावल्या असतील तर मागे जावे: नळी शेगडीखाली दबली अगर मुरडली आहे काय, रेग्युलेटर पुरता बसला आहे काय, आणि सिलिंडर संपत आला आहे काय. या एका प्रश्नाने निम्मे निदान होते. मिस्त्री आल्यावर तोही प्रथम हेच करतो.

या गावाचा गोड पदार्थ जो ‘अशोका’, मुगाच्या डाळीचा तो हलवा, त्याच्याइतका शेगडीचा कठोर परीक्षक दुसरा नाही. डाळ, साखर आणि तूप मंद आचेवर ढवळीत असता कढईचा एकच कोपरा पुनःपुन्हा लागत असेल, तर हातास दोष देऊ नये. त्या बाजूची ज्योत मोठी आहे. दुसऱ्या बाजूची भोके बुजलेली असतील किंवा चकती तिरपी बसली असेल. कढई उतरवून ज्योतीचे वर्तुळ वरून पाहिले की लगेच दिसते.

ज्योत बर्नरपासून सुटून वर तरंगू लागली, फुसफुस आवाज करू लागली, तर हवा किंवा दाब जास्त आहे. काही शेगड्यांना हवेची झडप असते, ती थोडी ओढून घ्यावी. झडप नसेल, किंवा दोन्ही चुलींवर असेच होत असेल, तर रेग्युलेटर संशयित होय आणि तो आपण उघडू नये, बदलून घ्यावा. याच्या उलट ‘फट्’ असा आवाज होऊन ज्योत आत शिरली आणि नळीतच घरघरू लागली, तर बटण तत्काळ बंद करावे. बर्नर तापलेला असतो. तो निवू द्यावा, चकती नीट बसवावी, मग पेटवावा. पुनःपुन्हा तसेच झाले तर बर्नर झिजला आहे, तो बदलावा. बटण कडक फिरत असेल तर त्यात खोबरेल तेल सोडू नये. कॉकमधील वंगण खास प्रकारचे असते, ते मिस्त्रीनेच भरावे.

येथवरचे दोष त्रासदायक खरे, पण त्यांनी जीव जात नाही. यापुढचे दोन तसे नाहीत, म्हणून त्यांवर आम्ही थोडा अधिक वेळ घेऊ.

पहिला, गळतीचा. गॅसला मुळात वास नसतो. तो कळावा म्हणून त्यात गंधकयुक्त, उग्र वासाचे मर्कॅप्टन मिसळतात. आता आपल्या घरांतील फोडणीत हिंग सढळ असतो, देवघरातून ऊद येत असतो, आणि वयोमानाने नाकाची शक्ती उणावते. थोडी गळती अशा घरात दिवसभर ध्यानात येत नाही, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. हा वायू हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतो. तो वर जात नाही, जमिनीवर पसरतो, ओट्याखाली साचतो, मोरीच्या तोंडातून खाली उतरतो. जुन्या अग्रहारातील घरांत मधल्या उघड्या चौकाने हवा खेळती राहते, पण आतले स्वयंपाकघर एका उंच खिडकीचे असते, आणि उंच खिडकी उघडून जड वायू जात नाही. दार उघडावे लागते. हवेत शंभरातील दोन भाग एवढा गॅस मिसळला तरी ठिणगीस तो पुरेसा होतो.

म्हणून वास येताच काय करू नये, ते आधी सांगतो. दिवा लावू नये, लागलेला असल्यास मालवूही नये. पंख्याचे बटण, फ्रिजचे बटण, कशालाच हात लावू नये. निरांजन, समई व उदबत्ती मात्र त्या खोलीत वा जवळ तेवत असतील तर विझवावीत. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, माणसांनी बाहेर यावे, आणि फोन करायचा तो अंगणातून करावा. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक देशभर रात्रंदिवस चालू असतो. सिलिंडरच्या तोंडाशीच सुसू आवाज येत असेल तर रेग्युलेटर काढून सिलिंडरबरोबर दोरीने बांधून येणारी सुरक्षा-टोपी दाबून बसवावी. ती टोपी अडगळीत फेकू नये, दोरीसकट जागच्या जागी ठेवावी.

बारीक गळती शोधावयाची ती साबणाच्या पाण्याने. वाटीत फेस करून ब्रशाने नळीच्या दोन्ही टोकांस, रेग्युलेटरच्या सांध्यास आणि बटणांच्या बुडाशी लावावा. बुडबुडा फुगला तर तेथे गळती आहे. काडी ओढून गळती शोधणारे शूर पुरुष आम्हांस भेटले आहेत. त्यांना आम्ही नमस्कार करतो आणि दूर उभे राहतो. गळती सापडली की आपले काम संपले. व्हॉल्व्हमधील रबरी कडे झिजलेले असेल, ते वितरकाच्या माणसानेच बदलावे. सांध्यावर चिकटपट्टी गुंडाळणे, नळीला कापड बांधणे, हे उपाय नव्हेत.

नळीविषयी एवढेच की तिच्यावर वर्ष छापलेले असते. पाच वर्षे झाली की ती दिसायला कितीही धडधाकट असो, बदलावी. तिला भिंतीतून अगर कपाटातून ओढून नेऊ नये. सिलिंडर नेहमी उभा, आणि शेगडी त्याच्याहून उंच. सिलिंडर घेताना कड्याखालच्या पट्टीवर रंगविलेले अक्षर व आकडा पाहावा: ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर, आणि पुढे वर्ष. ती गॅस ‘शिळा’ होण्याची तारीख नव्हे, टाकीच्या पुढील तपासणीची होय. उलटलेली असेल तर सिलिंडर घेऊ नये.

दुसरा दोष अधिक कपटी आहे, कारण त्याला वास नाही. हवा अपुरी पडून गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यायचा, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पाय लटपटतात, आणि माणूस बसल्या जागी झोपी जातो. आपल्याकडे ऐप्पशी-कार्तिकाच्या पावसात, शिवाय डासांच्या भयाने, दारे-खिडक्या घट्ट लावून घेतात. त्याच वेळी शेगडी पिवळी जळत असेल तर स्वयंपाक करणाऱ्या बाईचे रोजचे डोके दुखणे हे केवळ पित्ताचे नसावे. खिडकी उघडून आणि बर्नर साफ करून ते थांबते काय, हे पाहण्यास खर्च येत नाही.

याहून मोठा धोका गॅसच्या गीझरचा. तिरुवैयारुच्या उष्ण हवेत त्याची गरज फारशी नाही. पण पुणे, नाशिक, कोल्हापूर येथील आपल्या नातलगांच्या न्हाणीघरांत तो सर्रास असतो, आणि थंडीच्या दिवसांत बंद न्हाणीघरात माणूस मृत सापडल्याच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत वारंवार येतात. तो एकटा चारपाच मोठ्या चुलींइतका गॅस जाळतो. चार हात लांबीरुंदीच्या खोलीत, दार-खिडकी बंद, आणि एकामागून एक तिघांची स्नाने! पहिल्या स्नानाला हवा पुरते. तिसऱ्याला पुरत नाही. गीझर पेटत नसेल तर आतील बॅटऱ्या उतरल्या आहेत काय, पाण्याचा दाब कमी आहे काय, पाणी आत येते तेथली जाळी गाळाने भरली आहे काय, एवढे घरी पाहावे. परंतु तो ठिकठाक पेटतो म्हणून निर्धोक आहे असे समजू नये. त्याची जागा न्हाणीघराबाहेर, उघड्या हवेत. नाइलाजाने आत असेल तर धुराची वाट बाहेर काढलेली हवी, झरोका कायम उघडा हवा, आणि पाणी बादलीत भरून गीझर बंद केल्यावरच दार लावावे. पुण्यास फोन कराल तेव्हा कुशल विचारून झाल्यावर ‘गीझर कोठे आहे?’ हेही विचारावे.

परदेशी असलेल्या मुलांविषयीही दोन शब्द. अमेरिकेत, कॅनडात घर उबदार ठेवणारी गॅसची भट्टी, जिला ती मंडळी ‘फर्नेस’ म्हणतात, ती तळघरात असते. फोनवर ‘आई, फर्नेस बंद पडली’ असे ऐकले की येथे तिरुवैयारुत मातेच्या पोटात गोळा येतो. तत्त्व आपल्या शेगडीचेच आहे. तेथे ज्योतीत एक धातूची काडी असते; ज्योतीतून तिच्याद्वारे अत्यंत सूक्ष्म वीजप्रवाह वाहिला तरच यंत्रास ‘पेटले’ असे कळते. त्या काडीवर पांढरट पुट चढले की ज्योत पेटते आणि काही सेकंदांत विझते. वीज व गॅस दोन्ही बंद करून काडी काढावी, बारीक लोखंडी लोकरीने हलकेच घासावी, परत बसवावी. हवेची गाळणी धुळीने तुंबली असेल तर भट्टी आतल्या आत तापून स्वतःला बंद करते. गाळणी एक ते तीन महिन्यांनी बदलावी. एवढेच घरच्याचे काम. ज्योत पिवळी दिसली, किंवा भिंतीवरील कार्बन मोनॉक्साइडचा इशारायंत्र वाजला, तर घराबाहेर पडून जाणत्यास बोलवावे, मग बाहेर बर्फ का पडत असेना.

नळाने येणाऱ्या गॅसविषयी पुष्कळांनी पृच्छा केली आहे. तो मिथेन, हवेहून हलका; गळला तर वर जातो. त्याला जेटची छिद्रे मोठी लागतात. म्हणून मोठ्या शहरातील मुलीने पाठविलेली नळगॅसची शेगडी येथे सिलिंडरला तशीच जोडू नये. जोडल्यास हातभर ज्योत येईल. जेट बदलून घ्यावेत, मगच वापरावी.

आमचे बोलणे येथे संपले. या मेजावर आम्ही एक जुनी शेगडी, रुंदावलेला एक जेट, नवा एक जेट आणि साबणाच्या पाण्याची वाटी मांडून ठेवली आहे. सिलिंडर बाहेर अंगणात आहे, तो आत आणणार नाही. ज्या भगिनींना बर्नर उघडून परत बसवून पाहावयाचा असेल त्यांनी पुढे यावे. पुरुषमंडळी आधी आली तरी आमची हरकत नाही.